कोऱ्या डिशमधले पुंजके

कुमुद गजभिये यांना आयुष्यात दोन गोष्टींचा अभिमान होता. लाजपत नगरला मेट्रो बदलताना त्या कधी धावल्या नव्हत्या, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कोऱ्या डिशमध्ये कधी काही उगवलं नव्हतं. पहिल्या गोष्टीचं घरात कोणाला कौतुक नव्हतं. दुसरी कोणाला नीट कळत नव्हती, कारण काहीच न उगवण्याचा अभिमान बाळगणारी बाई समजून घ्यायला जरा वेळ लागतो.

त्या फरीदाबादच्या एका सरकारी संशोधन संस्थेत टेक्निकल ऑफिसर होत्या. माहेर भंडाऱ्याजवळच्या पवनीचं, सासरही पवनीचंच, आणि संसार सगळा दिल्लीत. आधी सरकारी क्वार्टरमध्ये आणि मग मयूर विहारच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. यजमान काशीनाथराव मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लुंबिनी नोएडाला एका न्यूज चॅनेलच्या ऑफिसात होती आणि रविवारी जेवायला यायची. ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला कुमुदताईही निवृत्त व्हायच्या होत्या. शाल, पुष्पगुच्छ आणि समोसे यांची व्यवस्था ऑफिसात सुरूही झाली होती.

त्यांचं काम रक्ताचं. रक्त हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, तयार होतं, हे शाळेत सगळेच शिकतात आणि विसरतात. त्या मगजातल्या बीजपेशी कुमुदताई छोट्या प्लास्टिकच्या डिशमध्ये, साबुदाण्याच्या खिरीसारख्या दाट द्रवात पेरायच्या. दोन आठवडे उबेत ठेवलं की एकेका बीजपेशीपासून पेशींचा एक पुंजका उगवतो. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की मोजून सांगता येतं, ह्या माणसाच्या मगजात किती जीव आहे.

पण बीजपेशी आपोआप वाढत नाहीत. त्यांना कोणीतरी निरोप द्यावा लागतो की बाबांनो, रक्त कमी पडतंय, कामाला लागा. हा निरोप देणाऱ्यांत शरीराचे शिपाईही असतात, म्हणजे पांढऱ्या पेशी. त्यातल्या टी पेशी एरवी सुस्त पडून असतात. शत्रू आला की खडबडून जाग्या होतात आणि असे काही पदार्थ अंगातून सोडतात की मगजातल्या बीजपेशी भराभर वाढून नवे शिपाई तयार करतात. कुमुदताई जुन्या पद्धतीने हाच निरोप बाटलीत भरायच्या. निरोगी माणसाच्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, त्यांना राजम्यातून काढलेला एक अर्क द्यायचा आणि आठवडाभर ठेवायचं. पेशींना वाटतं शत्रू आला. त्या जाग्या होतात आणि सगळे निरोप त्या द्रवात ओतून मोकळ्या होतात. मग पेशी फेकायच्या आणि द्रव ठेवायचा. लॅबमध्ये त्याला लांबलचक इंग्रजी नाव होतं, कुमुदताई त्याला ‘जागं पाणी’ म्हणायच्या. आताशा हेच निरोप एकेक सुटे करून कंपन्या कुपीत विकतात, त्यामुळे जागं पाणी बनवणारं संस्थेत दुसरं कोणी उरलं नव्हतं.

कोरी डिश म्हणजे ज्यात जागं पाणी घालायचं नाही ती. बाकी सगळं तेच, फक्त निरोप नाही. तिच्यात काही उगवता कामा नये. उगवलं तर बाकीच्या डिशमध्ये जे उगवलं त्याचाही भरवसा राहत नाही. म्हणून कुमुदताईंचा एक शिरस्ता होता. आधी कोऱ्या डिश भरायच्या, झाकणं लावून उबेच्या कपाटात ठेवायच्या, हातमोजे बदलायचे, आणि मगच फ्रीजरमधून जाग्या पाण्याची कुपी बाहेर काढायची. कोऱ्या डिश टेबलावर असताना ती कुपी खोलीत दिसलीच नाही पाहिजे. हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे असं शिकवलं होतं, की लोक त्यांना मागून हसायचे आणि करायचे मात्र तसंच.

त्यांच्याकडे शिकलेल्यांपैकीच एक अपूर्वा. दहा वर्षांपूर्वी पुण्याहून पीएचडीला आली तेव्हा पिपेट धरताना तिचा हात थरथरायचा. आता ती त्याच लॅबची प्रमुख होती. चारचौघांत कुमुदताई तिला मॅडम म्हणायच्या आणि दोघीच असल्या की अपूर्वा. कंपनीच्या शुद्ध निरोपांपेक्षा जुनं सरमिसळ जागं पाणी जास्त काही करतं का, हा अपूर्वाच्या अभ्यासाचा विषय होता. सात जणांच्या मगजाचे नमुने एका हॉस्पिटलकडून रीतसर संमतीने आले होते. सातही जणांना रक्ताचा आजार नव्हता. सातव्या नमुन्याच्या डिश सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी भरल्या गेल्या आणि दोन आठवड्यांनी, पुन्हा शुक्रवारीच, मोजायला बाहेर काढल्या.

“कुमुदताई, जरा बघता का?” सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढताच अपूर्वा म्हणाली.

कुमुदताईंनी बघितलं. झाकणावर त्यांच्याच अक्षरात कोऱ्या डिशची खूण होती. आत टपोरे, गच्च भरलेले बारा पुंजके होते. दुसऱ्या कोऱ्या डिशमध्ये चौदा. तिसरीत अकरा.

त्यांनी झाकणावरची खूण पुन्हा वाचली.

“होतं हो, ताई,” अपूर्वा म्हणाली. आवाज इतका मऊ होता की तो ऐकूनच कुमुदताईंना भीती वाटली. “त्या दिवशी मॉक ड्रिल नव्हती का? मध्येच अलार्म वाजला, सगळे खाली गेलो. वर आल्यावर कदाचित…”

तिने वाक्य पुरं केलं नाही. कुमुदताईंनी ते मनातल्या मनात पुरं केलं. त्या दिवशी आगीचा सराव होता हे खरं. अलार्म वाजला तेव्हा त्या टेबलाशी होत्या. पाऊण तास उन्हात उभं राहून सगळे वर आले. पण खाली जाण्याआधी कोऱ्या डिश कपाटात गेल्या होत्या का? वर आल्यावर त्यांनी आधी काय उचललं? त्यांनी डोळे मिटून आठवून बघितलं. आठवत होतं ते अंगणातलं ऊन आणि शिट्टी वाजवणारा सिक्युरिटीवाला. टेबल आठवत नव्हतं.

“एकच सॅम्पल आहे. आपण हे काढून टाकू, बाकी सहा बिल्कुल ठीक आहेत,” अपूर्वा म्हणाली. “फक्त नोटबुकमध्ये कारण लिहून ठेवा. आणि मनाला लावून घेऊ नका, प्लीज. इतक्या वर्षांत एकदा तर होणारच.”

कुमुदताईंनी नोटबुकमध्ये नेहमीच्या सरळ इंग्रजी अक्षरात दोन ओळी लिहिल्या. कोऱ्या डिशमध्ये द्रव चुकून घातला गेला असावा. चूक माझी. खाली तारीख आणि सही. सही करताना हात थरथरला नाही, याचं त्यांना मागाहून वाईट वाटलं.

आता एवढ्यातेवढ्याने कोणाचं आभाळ कोसळत नाही. पगार जाणार नव्हता, पेन्शन थांबणार नव्हती, समोसेही यायचेच होते. पण कुमुदताईंच्या आई, लीलाबाई, एकसष्टाव्या वर्षी वरणात दोनदा मीठ घालू लागल्या होत्या. सगळे हसले होते. मग त्या दुपारी जेवूनही जेवायला मागू लागल्या, मग गल्ली चुकल्या. शेवटची दोन वर्षं त्या मयूर विहारला कुमुदताईंकडेच होत्या आणि पोटच्या मुलीला ‘बाई’ म्हणायच्या. बाई, माझी कुमुद शाळेतून आली का हो, असं कुमुदलाच विचारायच्या. कुमुदताई म्हणायच्या, येईल हं आता. पुंजके दिसले त्या शुक्रवारी कुमुदताईंना साठ पुरी व्हायला एकवीस दिवस उरले होते.

मेट्रोत त्यांनी बल्लभगढपासूनची सगळी स्टेशनं मनातल्या मनात क्रमाने म्हणून बघितली. बरोबर आली. मग वाटलं, ही तर रोज कानावर पडतात, ह्यात काय कौतुक? घरी पोचल्यावर त्यांनी काशीनाथरावांना चहा करून दिला, स्वतः घेतला नाही, आणि डोकं दुखतंय म्हणून पडून राहिल्या. काशीनाथरावांना काही सांगितलं नाही. जे सांगायचं त्याला नाव दिलं की ते खरं होईल अशी एक खुळी भीती असते, तीच त्यांना वाटत होती. विज्ञानाच्या लॅबमध्ये आयुष्य घालवलेल्या बाईलाही ती वाटते.

शनिवारी संध्याकाळी काशीनाथराव पेपर वाचता वाचता म्हणाले, “कुमुद, लुंबिनी झाली तेव्हा आपण कुठल्या क्वार्टरमध्ये होतो गं? नंबर काय होता?”

“डी दोनशे अठरा,” कुमुदताई म्हणाल्या. “का हो?”

“काही नाही. सहज आठवलं.”

रविवारी लुंबिनी आली ती एक नवं यंत्र घेऊनच. मंद आचेवर सात-आठ तास अन्न शिजवत ठेवणारं विजेचं भांडं.

“आई, ऑफिसमध्ये सगळ्यांकडे आहे. राजमा मी रात्रीच भिजवून आणलाय. यात डालो और भूल जाओ, संध्याकाळी रेडी.”

“थांब,” कुमुदताई इतक्या जोरात म्हणाल्या की बाहेर काशीनाथरावांनी पेपर खाली केला. “आधी ते भिजवलेलं पाणी फेक. ताजं पाणी घाल आणि राजमा गॅसवर ठेव, चांगला खळखळून उकळू दे. मग तुझ्या त्या भांड्यात घाल.”

“खळखळून म्हणजे?”

“फुल बॉइल. दहा-पंधरा मिनिटं तरी. मंद आचेवर ठेवलास तर राजम्यातलं विष मरत नाही, बाई. चार-सहा दाणेसुद्धा पोटात गेले तर सगळं घर उलट्या करत बसेल.”

“विष? राजम्यात? पूरी दिल्ली खाती है, आई!”

“पूरी दिल्ली कुकरमध्ये शिजवते. शिट्ट्या होतात, विष मरतं.” पातेलं गॅसवर चढवून कुमुदताई डाव घेऊन उभ्या राहिल्या. कामाबद्दल कोणी विचारलं की त्यांचा आवाज आपोआप खुलायचा. “हेच तर मी लॅबमध्ये वापरते. हाच पदार्थ, राजम्यातूनच काढलेला. पांढऱ्या पेशींना तो लावला की त्या जाग्या होतात आणि रक्त वाढवणारे निरोप सोडायला लागतात.”

“म्हणजे राजमा नाही दिला तर त्या पेशी झोपलेल्याच राहणार?”

“छे गं. शरीरात कोण राजमा देतंय त्यांना? ताप आला, जंतू शिरले, की त्या आपल्या आपणच जाग्या…”

डाव हवेतच राहिला.

पातेल्यातला राजमा खळखळायला लागला. लुंबिनीने दोनदा “आई?” म्हटलं. कुमुदताई त्या उकळत्या लाल पाण्याकडे बघत होत्या. कोऱ्या डिशमध्ये निरोप घातला नव्हता, हे खरं मानलं तर? पण मगजाच्या नमुन्यात फक्त बीजपेशी कुठे असतात? त्यात टी पेशीही येतातच. एरवी त्या झोपलेल्या असतात म्हणून चालून जातं. पण त्या माणसाच्या अंगात त्या आधीच जाग्या झालेल्या असल्या तर? मग डिश कोरी कशी राहील? निरोप देणारे आतच बसलेले असणार.

“गॅस बंद करू का?” लुंबिनीने विचारलं.

“अजून सात मिनिटं,” कुमुदताई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला.

सोमवारी त्या संस्थेत पोचल्या तेव्हा झाडूवाली मावशी अजून कॉरिडॉर पुसत होती. त्यांनी सातव्या नमुन्याची फाइल काढली. हॉस्पिटलच्या फॉर्मवर वरच्या रकान्यात लिहिलं होतं, रक्ताचा आजार नाही. सगळ्यांनी तेवढंच वाचलं होतं, त्यांनीसुद्धा. खाली कोपऱ्यात डॉक्टरी अक्षरात आणखी एक ओळ होती. ताप, तीन आठवडे, कारण सापडलेलं नाही.

अपूर्वाने फॉर्म वाचला, मग कुमुदताईंकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर दोन विचार एकदम दिसत होते, आणि त्यातला एक असा होता की म्हाताऱ्या माणसांना आपली चूक मान्य करणं जड जातं.

“ताई, ह्याच्या गोठवलेल्या दोनच कुप्या उरल्यात. आणि पेपर पाठवायचाय मला. तुम्ही म्हणता तसं असू शकतं, पण…”

“अपूर्वा, चौतीस वर्षांत मी काही मागितलं नाही, आता मागते. एक कुपी काढ. टी पेशी चुंबकाने वेगळ्या करता येतात ना? तीन प्रकारच्या डिश भर. एकीत नमुना आहे तसा. दुसरीत टी पेशी काढून. तिसरीत काढून परत घातलेल्या. जागं पाणी कशातच नाही. आणि मी हात लावणार नाही. सगळं तू कर.”

“मी?”

“का, पिपेट धरता येतं ना अजून?”

अपूर्वाला हसू आलं. “आणि उत्तर तुमच्या बाजूने नाही निघालं तर?”

“तर नोटबुकमधली ती ओळ तिथेच राहील,” कुमुदताई म्हणाल्या. पुढचं त्या बोलल्या नाहीत. पुढचं असं होतं की मग मी डॉक्टरकडे जाईन, आणि डॉक्टर मला विचारतील आज वार कोणता.

मंगळवारी अपूर्वाने नऊ डिश भरल्या. कुमुदताई स्टुलावर मांडीत हात ठेवून बसल्या होत्या. एखाद्या सुगरणीला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात बसवावं तशी त्यांची अवस्था होती. अपूर्वा थोडी चुकतेय असं वाटलं की त्या खिडकीबाहेर बघायच्या. झाकणांवर अपूर्वाने नुसते आकडे घातले, एक ते नऊ, आणि कोणता आकडा कशाचा ते स्वतःच्या फोनमध्ये लिहून ठेवलं. मोजणार कुमुदताई, पण काय मोजतोय ते त्यांना कळणार नाही, असं ठरलं.

मग दोन आठवड्यांची वाट. मध्ये दिवाळी आली, फटाक्यांनी हवा राखेच्या रंगाची झाली, लुंबिनीने घरात हवा शुद्ध करणारं यंत्र आणून ठेवलं. कुमुदताई मेट्रोच्या दारापर्यंत जाऊन गॅस बंद केला का बघायला दोनदा परत आल्या. दोन्ही वेळा बंद होता. फ्रीजवर त्या चिठ्ठ्या लावू लागल्या: दूध, वीजबिल, लुंबिनीचा ड्रेस. पूर्वी त्यांना चिठ्ठी लागत नसे, आणि आता प्रत्येक चिठ्ठी बघून जीव खाली-वर व्हायचा.

त्यात काशीनाथरावांनी वात आणला होता. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांना काहीतरी जुनं आठवत नसे आणि ते कुमुदताईंना विचारायचे. तुझ्या मावसभावाच्या लग्नाला आपण कुठल्या गाडीने गेलो होतो? पहिला टीव्ही कुठल्या साली घेतला? पवनीला आपल्या घराशेजारी ते मास्तर राहायचे, त्यांचं आडनाव काय होतं गं?

“ढोके,” कुमुदताई म्हणाल्या होत्या. “अहो, तुम्हाला आजकाल काहीच कसं आठवत नाही?”

काशीनाथराव त्या संध्याकाळी फारसे बोलले नव्हते. कुमुदताईंना वाटलं आपण फार टोचून बोललो, आणि मग वाटलं, देवा रे, दोघांनाही एकदमच व्हायचं आहे की काय. ह्या घरात देवाला कोणी हाक मारत नसे, पण शब्द तोंडात बसलेले असतात.

अठ्ठावीस तारखेला, मंगळवारी, डिश बाहेर आल्या. कुमुदताईंनी चष्मा पुसला, डोळे लावले आणि आकडे बोलत गेल्या. अपूर्वा लिहीत गेली. “एक नंबर, बारा. दोन नंबर, काही नाही. तीन, दहा. चार…” इथे त्या बराच वेळ थांबल्या. एक पुंजका होता, पण किरकोळ. त्यांनी त्याच्या पेशी मोजल्या, परत मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या. “अडतीस पेशी आहेत. चाळीसच्या आत असेल तर पुंजका धरायचा नाही. शून्य लिही, पण बाजूला अडतीसही लिही. पाच, नऊ. सहा, तेरा. सात, काही नाही. आठ, अकरा. नऊ, आठ.”

अपूर्वाने फोन उघडला. ती आकड्यांवरून बोट फिरवत होती आणि कुमुदताई तिच्या बोटाकडे बघत होत्या.

“एक, तीन, सहा,” ती म्हणाली, “नमुना होता तसा. पाच, आठ, नऊ, टी पेशी परत घातलेल्या.” मग तिचं बोट खाली सरकलं. “दोन, चार आणि सात. टी पेशी काढलेल्या.”

ज्यांच्यातून ते जागे शिपाई काढले होते, फक्त त्याच कोऱ्या राहिल्या होत्या. कुमुदताईंनी चष्मा काढून ठेवला. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

“ताई, सॉरी,” अपूर्वा म्हणाली. तिचेही डोळे भरले होते. “मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मी सरळ सांगूनच टाकलं.”

“मीही ऐकूनच घेतलं की,” कुमुदताई म्हणाल्या. “तुझ्यापेक्षा लवकर मी माझ्यावर विश्वास ठेवायचं सोडलं.”

अपूर्वाने हॉस्पिटलला फोन केला. त्या माणसाला टीबी निघाला होता. औषधं सुरू होऊन महिना झाला होता आणि वजन वाढायला लागलं होतं. सातवा नमुना आता अभ्यासातून काढायचा नव्हता. उलट अपूर्वा त्याच्यासाठी वेगळं पान काढून बसली.

लॅबच्या नोटबुकात काही खोडायचं तर गिरगटायचं नसतं. एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला तारीख आणि सही. एकतीस तारखेला समोसे यायच्या आधी कुमुदताईंनी पट्टी घेऊन ‘चूक माझी’वर एक रेघ मारली. मग सही केली. ह्या वेळी हात चांगलाच थरथरला.

शाल आणि पुष्पगुच्छ घेऊन त्या पाचच्या मेट्रोने निघाल्या. लाजपत नगरला गाडी बदलताना त्या नेहमीसारख्याच सावकाश चालल्या. घरी पोचल्यावर काशीनाथरावांसमोर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं: पुंजके, मॉक ड्रिल, सही, राजमा, आणि शेवटी आईचं नाव घेऊन ती भीतीसुद्धा. सांगून झाल्यावर काशीनाथराव उठले आणि कपाटातून आपली जुनी खिशातली डायरी घेऊन आले.

“हे काय?”

“वाच.”

पानापानावर प्रश्न होते. क्वार्टर नंबर. मावसभावाचं लग्न, गाडी. पहिला टीव्ही, साल. प्रत्येकापुढे बरोबरची खूण आणि तारीख. पहिल्या प्रश्नाच्या वर, दहा ऑक्टोबरच्या तारखेखाली, एकच ओळ होती. कुमुदने आज चहात साखरेऐवजी मीठ घातलं.

कुमुदताईंनी ती ओळ दोनदा वाचली. “अहो, तुम्ही बोलला का नाहीत?”

“प्यालो,” काशीनाथराव म्हणाले. “सगळा. आईंची सुरुवात मीही बघितलीये ना, कुमुद. मला वाटलं, तुला विचारलं तर तू घाबरशील. म्हणून दुसरंच विचारत बसलो.”

कुमुदताईंनी पान उलटलं. सोळा प्रश्न बरोबर होते. एका ठिकाणी मात्र फुली होती, आणि तिच्याभोवती पेन इतकं दाबून फिरवलेलं की कागद खरवडला होता. शेजारचे मास्तर. म्हणाली ढोके. बरोबर उत्तर, खोब्रागडे.

“ही फुली झाल्यापासून मला धड झोप नाही,” काशीनाथराव म्हणाले.

“अहो, खोब्रागडे पोस्टात होते! ढोके मास्तर, ते छत्री घेऊन शाळेत जायचे ते. तुम्हाला त्यांनी गणितात मारलं होतं.”

काशीनाथरावांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी ते आठवत होते, मग त्यांना आठवलं, आणि मग ते हसायला लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “ढोकेच,” ते म्हणाले. “ढोकेच की गं. छत्रीने मारलं होतं.” कुमुदताईंनी डायरी त्यांच्यापुढे सरकवली आणि फुलीवर एक सरळ रेघ मारायला लावली, खालचं वाचता येईल अशी. तारीख आणि सहीसुद्धा घेतली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या आयुष्यातली पहिली बिनकामाची संध्याकाळ होती. त्यांनी दोन कप चहा केला, आधी स्वतः घोट घेऊन बघितला, आणि काशीनाथरावांना कप देता देता सहज विचारल्यासारखं विचारलं, “अहो, ते पोस्टातले खोब्रागडे, त्यांच्या थोरल्या मुलीचं नाव काय हो?”

काशीनाथरावांनी कप खाली ठेवला आणि त्यांच्याकडे बघितलं. डायरी कुमुदताईंच्या मांडीवर होती, कोऱ्या पानावर उघडलेली.

“वासंती,” ते म्हणाले.

कुमुदताईंनी बरोबरची खूण केली आणि तारीख घातली.